धाकट्या देवीचा नैवेद्य

जळगावच्या एस.टी. स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत उभं असताना मागून कोणीतरी अभिमनच्या दंडाला हात लावला. हलकाच, दोन बोटांचा. पण तो असा दचकला की हातातली पिशवी सुटता सुटता राहिली, आणि बाकड्यावर डबा मांडीवर घेऊन बसलेल्या यशोदाबाईंनी, त्याच्या आईनं, मान वर करून बघितलं. एकोणसाठ वर्षांच्या माणसानं भर सकाळी, एवढ्या गर्दीत, दंडाला हात लागला म्हणून दचकावं हे काही शोभणारं नव्हतं. पण दंडाचं त्याच्या मनात वेगळंच होतं. नोकरीची तेहतीस वर्षं तो दुसऱ्यांच्या दंडांना हात लावत आला होता. शिंदखेड्याकडची खेडी, मग चोपडा, मग यावल. पोरं आयांच्या पदरात दडायची, आणि हा बाही वर सारून, कातडी ताणून, डाव्या हाताच्या मुठीत दंड घट्ट धरून ठेवायचा. लोक त्याला देवी डॉक्टर म्हणत. डॉक्टर कसला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, देवी काढणारा म्हणजे देवीची लस टोचणारा सरकारी नोकर. पण पांढरा सदरा, हातात पेटी आणि आवाजात दटावणी असली की खेड्यात माणूस डॉक्टर होऊन जातो. मग देवीचा रोगच देशातून गेला. हा मात्र नोकरीत राहिला, तापाच्या रोग्यांच्या बोटातून रक्त घेत आणि डबक्यांच्या पाण्यात डासांचं औषध टाकत, गेल्या वर्षी रिटायर होईपर्यंत. इतक्या वर्षांत त्याच्या दंडाला कोणी हात लावला नव्हता.

मागे बुरख्यातली, तोंडावरचा पडदा मागे टाकलेली एक बाई उभी होती. पन्नाशीकडे झुकलेली. शेजारी तिचा उंच, कोवळी दाढी राखलेला मुलगा. बाई हसत होती. वळखलं नाही का, देवीवाले भाऊ, म्हणाली. यावलची सकीना. केळीच्या वखारीमागे राहायचो, अजून तिथंच आहे. आणि अभिमननं काही म्हणायच्या आत तिनं मुलाला हुकूम सोडला, हारुन, हात दाखव. मुलगा लाजला, पण आईपुढे त्याचं चाललं नाही. त्यानं शर्टाची बाही वर सारली. दंडावर जुना, गोल, पांढुरका वण होता, चार आण्याच्या नाण्याएवढा, कडा जरा आत दबलेली. अभिमननं तो लगेच ओळखला. दुसऱ्याच्या हातचा वण आणि आपल्या हातचा वण त्याला अंधारातही बोटांनी सांगता आला असता.

“पलीकडच्या गल्लीपर्यंत देवी आली, भाऊ. माझ्या घरात नाही शिरली,” सकीना म्हणाली. “रोज नमाज पढले की तुमच्यासाठी दुवा मागते. धाकटीला अल्लानं नेलं ते नेलं, तिला तापच तसा आला. पण तुम्ही मातीला आले होते. ते मी विसरली नाही. सरकारचा माणूस कोण येतो मातीला?”

अभिमन हो हो म्हणाला. दोनदा हो म्हणाला एवढंच त्याला नंतर आठवलं. यावलची गाडी लागली, सकीनानं यशोदाबाईंकडे बघून हात कपाळाला नेला, आणि मायलेक गर्दीत घुसले. तिचा हात लागलेल्या जागी त्याच्या दंडावर, सदऱ्याच्या आत, बारीक चुणचुण सुरू झाली. तो तिथे खाजवत उभा राहिला. माय विचारत होती, कोन व्हती रे ती, आणि तो सांगत होता, यावलनी, वळखीनी.

धुळ्याच्या गाडीत त्यांना खिडकीजवळची जागा मिळाली. त्या दिवशी शितळा सातम होती. आदल्या दिवशी शिजवलेलं थंड अन्न खायचं, चूल पेटवायची नाही. जळगावातल्या पिंप्राळ्याच्या घरात पुष्पाबाईंनी, त्याच्या बायकोनं, गॅससुद्धा पेटू दिला नव्हता, त्यामुळे सकाळचा चहा नाही आणि चहा नाही म्हणून डोकं जड. यशोदाबाईंच्या मांडीवरच्या डब्यात काल केलेल्या गुळाच्या दशम्या, बाजरीच्या भाकरी आणि दहीभात होता. दरवर्षी हा डबा रोहिणखेड्याला जायचा. रोहिणखेडे शिंदखेडा तालुक्यात, त्यांचं मूळ गाव. गावाबाहेर निंबाखाली दोन दगड आहेत, एक मोठ्या देवीचा आणि एक ढोपराएवढा, धाकट्या देवीचा. या धाकट्या देवीला पहिला नैवेद्य अभिमनच्या घराचा. पाटलाचा नाही, सरपंचाचा नाही. यशोदाबाई येईपर्यंत साऱ्या गावच्या बाया ताटं घेऊन ताटकळत थांबतात. लहानपणी अभिमन या गोष्टीनं असा फुगून जायचा की शाळेत कोणी त्याला ढकललं तर तो म्हणायचा, थांब, धाकल्या देवीले सांगस.

कारण धाकटी देवी ही त्यांच्या घरातलीच पोर. अभिमनच्या आजोबांची पाठची बहीण, भागा. शंभर वर्षांपूर्वी धुळ्यात एक अमेरिकन डॉक्टर होता, एलायस थॉर्नबी त्याचं नाव, लोक त्याला डाक्तरबाबा म्हणत. त्या काळी देवीची लस बाटलीतून येत नसे. एका पोराच्या दंडावर देवी काढायची, आठव्या दिवशी तिथला फोड पाण्यानं भरला की तो उघडायचा आणि त्यातलं पाणी दुसऱ्या पोरांच्या दंडांवर घालायचं. एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी ती लस गावं चालत जायची. भागा दोन वर्षांची असताना तिची आई तिला धुळ्याच्या दवाखान्यात घेऊन गेली, डॉक्टरनं तिला टोचलं, आणि आठव्या दिवशी डॉक्टर स्वतः घोड्यावर, मायलेकी बैलगाडीत, असे रोहिणखेड्याला आले. घरात पुढची गोष्ट अशी सांगत की डॉक्टरनं भागाच्या दंडातली देवी गावच्या सगळ्या पोरांच्या दंडांत वाटली, पुढच्या साली आजूबाजूच्या खेड्यांत लोक रोज पोरं पुरत होते तेव्हा रोहिणखेड्यात एकही पोर गेलं नाही, आणि काम झाल्यावर देवी भागाला घेऊन परत गेली. गावच्या शाळेत पांडू गुरुजीही हीच गोष्ट सांगत. अभिमन देवी काढणारा झाला तो पगारासाठी हे खरंच, पण अर्ज लिहिताना ती ढोपराएवढी दगडी पोर त्याच्या मनात नव्हती असं त्याला म्हणता आलं नसतं.

एरंडोल गेलं. श्रावणातली उघडीप होती, कपाशीवर ऊन पडलं होतं. अभिमनच्या पिशवीत एक सोळा पानी पुस्तिका होती, छापून तयार, अजून शाईचा वास येणारी. डॉक्टर थॉर्नबी धुळं सोडून गेले त्याला या वर्षी, एकोणीसशे एकोणनव्वदला, शंभर वर्षं झाली म्हणून धुळ्यात रुपचंद वकिलांनी समिती काढली होती. अकरा वाजता सभा, तसबिरीचं अनावरण, आणि पुस्तिकेच्या लेखकाचं भाषण. लेखक म्हणजे अभिमन. देवी डॉक्टर, शिवाय भागाच्या घरातला. याहून शोभणारा माणूस समितीला शोधून सापडला नसता. लिहायला घेतल्यावर त्याला स्वतःचंच नवल वाटलं, इतकं ते भरभर आलं. सत्तावीस वर्षांचा हा गोरा माणूस अठराशे सत्त्याहत्तरच्या दुष्काळात इकडे आला. त्यानं मोतीबिंदू काढले, मोडलेली हाडं बसवली, पोरांना शिव्या देण्यापुरती अहिराणी शिकला, बारा वर्षं राहिला, मग मायदेशी आपल्या लहानशा गावी गेला आणि तिथल्या लोकांसाठी दवाखाना बांधला, पाण्याची सोय केली, वाचनालय काढलं. पाचव्या पानावर अभिमननं एक वाक्य लिहिलं होतं. डॉक्टरसाहेबांच्या हातून या जिल्ह्यात एकही मूल दगावले नाही. ते लिहिलं तेव्हा तो खुर्चीवरून उठून अंगणात दोन फेऱ्या मारून आला होता, इतकं ते त्याला आवडलं होतं. कुठे वाचलं म्हणून लिहिलं असं नव्हतं. तसं असायलाच पाहिजे, म्हणून लिहिलं.

पुस्तिका छापायला गेल्यावर अमेरिकेहून पाकीट आलं. डॉक्टरच्या गावातल्या त्या वाचनालयाला रुपचंद वकिलांनी कधीतरी पत्र घातलं होतं, त्याचं उत्तर. तिथल्या बाईंनी मोठ्या आपुलकीनं लिहिलं होतं आणि डॉक्टरच्या हिंदुस्थानातल्या वहीच्या काही पानांच्या झेरॉक्स पाठवल्या होत्या. वकिलांनी वरचं पत्र तेवढं वाचलं, वा वा म्हणाले, आणि झेरॉक्स अभिमनकडे धाडून दिल्या. अभिमनचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरचं आणि सरकारी परिपत्रकांतलं. डिक्शनरी घेऊन बसला तरी तिरप्या अक्षरांच्या त्या पानांना त्याला चार दिवस लागले. पण कामाचे शब्द मात्र त्याला डिक्शनरीशिवाय कळत होते, आणि वाईट ते तेच होतं. दुसऱ्या कोणी ते वाचलं असतं तर त्याला काही दिसलंही नसतं.

डॉक्टरनं लिहिलं होतं: रोहिणखेड्यात सकाळी पोरीचा फोड उघडला. चांगला भरलेला होता. आईची इच्छा नव्हती, पाटलानं समजावलं. एका फोडातून पाच-सहा मुलांचं काम घ्यावं असा नियम. बारा मुलांपर्यंत मी पूर्वी गेलो आहे. पण बाया एकदा बाहेर आल्या होत्या, उद्या त्या पुन्हा पोरं घेऊन येतील याची मला खात्री वाटेना. म्हणून थांबलो नाही. एक्केचाळीस दंड. शेवटी फोडातून रक्त येत होतं. मग तारखा होत्या. दहाव्या दिवशी हात सुजल्याचा निरोप, अकराव्या दिवशी खांद्यापर्यंत लाली, चौदाव्या दिवशी पोर गेली. त्याखाली, थोडी जागा सोडून: सिव्हिल सर्जनकडे पाठवलेल्या तक्त्यात मी हे लिहिलं नाही. आणि त्याखाली आणखी एक ओळ: मी तिचं नाव विचारलं नव्हतं.

ही शेवटची ओळ अभिमनला कळली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि पुष्पाबाई आत पापड लाटत होत्या. लाटण्याचा आवाज येत होता. त्यानं वाचनालयाच्या बाईंचं पत्र पुन्हा काढलं, कारण त्यात एक गंमत म्हणून सांगितलेली गोष्ट होती. डॉक्टरांनी वाचनालयाला घर आणि पुस्तकं दिली तेव्हा एक विचित्र अट घातली, ती आम्ही अजून पाळतो, असं बाई लिहीत होत्या. पुस्तक न्यायला आलेल्या प्रत्येक लहान मुलाला आधी त्याचं नाव विचारायचं आणि ते पूर्ण नाव त्याच्याच हातानं वहीत लिहून घ्यायचं. ज्याला लिहिता येत नाही त्याच्या हाताला धरून. डॉक्टर म्हातारपणी रोज संध्याकाळी येऊन त्या नावांवरून बोट फिरवत बसत. मोठा लहरी, प्रेमळ माणूस. बाईंनी त्यापुढे हसल्यासारखं काहीतरी लिहिलं होतं. अभिमननं ते पत्र पालथं ठेवलं. एक माणूस समुद्रापलीकडे जाऊन, गावाला पाणी देऊन, दवाखाना बांधून, पंधरा-वीस वर्षं पोरांची नावं विचारत बसतो, आणि गाव त्याला उपकारकर्ता म्हणतं, आणि तो ते म्हणू देतो. म्हणू देतो म्हणजे काय, तोंड उघडायची हिंमत होत नाही. दुवा देणाऱ्याला गप्प कसं करायचं हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

डॉक्टरनं नाव विचारलं नव्हतं. अभिमनला नाव माहीत होतं. हा फरक त्याच्या मनात गेले तीन आठवडे चपलेतल्या खड्यासारखा होता. पंधरा वर्षांपूर्वी, देवी देशातून घालवायची शेवटची मोहीम होती. यावलला वखारीच्या पलीकडच्या गल्लीत एक रोगी सापडला आणि हुकूम आला, तीन दिवसांत भोवतालच्या प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस टोचायचं, एकही सुटता कामा नये. दोन टोकांची ती सुई, लशीत बुडवायची, दंडावर गोलात पंधरा टोचे मारायचे. तिसऱ्या दिवशी चार वाजता मोठे साहेब जीपनं यायचे होते. तीन वाजता अभिमनच्या वहीत एकच घर पुरं व्हायचं राहिलं होतं आणि त्या घरात एकच पोर. शहनाज. अडीच वर्षांची. तिच्या मानेवर, कोपरांच्या आत, गुडघ्यांमागे इसब होता, ओला, खाजवून लाल केलेला, आणि अंगात ताप. असं पोर सोडायचं हे त्याला पाठ होतं. सोडायचं, वहीत शेरा मारायचा, वेगळं ठेवायचं. सकीना म्हणाली होती, आज राहू द्या भाऊ, अंग गरम आहे हिचं. आणि तो म्हणाला होता, नाही टोचलं तर देवी येईल आणि मरेल, मग माझ्या नावानं रडू नको. सगळ्या वस्तीत एकही शेरा नको होता त्याला. वहीची पानं स्वच्छ हवी होती. सकीनानं पोरीला मांडीवर घट्ट धरलं. पंधरा टोचे. शहनाज रडली नाही, तिच्यात रडायची ताकद नव्हती, तिनं फक्त त्याच्या सदऱ्याच्या गुंडीकडे बघितलं, ती गुंडी काळ्या दोऱ्यानं शिवलेली होती. चार वाजता साहेबांनी वही चाळून त्याची पाठ थोपटली.

आठवड्यानंतर जिथे जिथे इसब होता तिथे तिथे फोड आले. देवीचे नव्हते ते, लशीचे होते. वस्तीत ते कोणाला कळणार, त्याला एकट्याला कळलं. चौदाव्या दिवशी पोर गेली. चौदाव्याच. त्यानं कागदावर ताप आणि न्यूमोनिया लिहिलं, त्याखाली सही केली, ती सही अजून त्याच्या डोळ्यांपुढे येते, जरा जास्तच नीटनेटकी. मातीला तो गेला कारण घरी बसवेना. आणि महिन्याभरानं सकीनाच्या नवऱ्यानं केळीची एक फणी त्याच्या सायकलला बांधून दिली, हारुन वाचला म्हणून. ती केळी पुष्पाबाईंनी शेजारी वाटली. त्यानं खाल्ली नाहीत. पण परतही केली नाहीत.

पारोळ्याला गाडी थांबली. लोक उतरले, चिवडेवाला खिडक्यांखालून फिरून गेला. यशोदाबाई डब्यावर दोन्ही हात ठेवून शांत बसल्या होत्या. शहात्तर वर्षांची त्याची माय, जिचा सगळा जन्म दुसऱ्यांच्या उष्ट्या-खरकट्यात गेला आणि जिला वर्षातून एक दिवस सारं गाव वाट करून देतं. हिला सांगायचं? तुझ्या घरात देवी झालीच नव्हती, एक पोर चुकीनं मेली होती, असं? तिच्याजवळ दुसरं काय आहे? पण सांगितलं नाही तर अकरा वाजता ते वाक्य त्याला माईकपुढे मोठ्यानं वाचावं लागणार होतं, आणि ते वाचून झाल्यावर तो कोण उरणार होता ते त्याला आजच्या सकाळपासून, दंडाला ती दोन बोटं लागल्यापासून, चांगलं दिसत होतं.

“माय,” तो म्हणाला. “भागीले देवीनी नही नेयी. डाक्तरनी तिना हात लई वापरा. एक्केचाळीस पोऱ्यास्ले. हात सुजना, नि ती मरी गयी. त्यानीच लिखी ठेयेल शे.”

यशोदाबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, हेच त्याला आधी दिसलं. लहान पोर काहीतरी उशिरा शिकून आलं की बघतात तसं त्या बघत होत्या.

“मग? आम्हले ठाऊक नही का?” त्या म्हणाल्या. “मन्ही आजेसासू मी पाह्येल शे. भागीनी माय. ती जनमभर ऊन भाकर खादी नही. पोरना हातनी आग व्हये, तिनावर वल्लं फडकं ठेयीसन बशेल व्हती ती चार दिन. म्हनीसन थंडा निवद शे. म्हनीसन वल्लं फडकं शे. तुम्हीन माणसे मान मान करतस. मान कसाना रे? पाटीलनी सांगं नि आम्हीन पोर दिधी. पहिली माफी आम्हीन मांगतस, मंग गाव मांगस.”

गाडी सुटली. अभिमनला दगडावरचं ते ओलं पांढरं फडकं आठवलं, दरवर्षीचं, हिरव्या बारक्या बांगड्यांच्या खाली चिकटलेलं. इतकी वर्षं तो ते बघत आला होता. बाया तांब्यातलं पाणी त्या दगडावर एकाच बाजूला ओतायच्या, डाव्या बाजूला, आणि त्यानं कधी विचारलं नव्हतं की डाव्याच का. देवी डावीकडे काढतात. त्यानंच हजारो डावे दंड धरले होते. पुरुषांनी गोष्ट सांगितली, गुरुजींनी सांगितली, त्यानं ती छापून आणली, आणि बाया काही न बोलता शंभर वर्षं त्या पोरीचा हात गार करत होत्या. त्याला लाज वाटली आणि हायसंही वाटलं, आणि हायसं वाटल्याची पुन्हा लाज वाटली. मायच्या डोक्यातलं अजून संपलं नव्हतं. तिनं पदर सारखा केला आणि पुढे बघत विचारलं, सकाळनी ती बाईनी धाकली कशी मरनी रे?

त्यानं पिशवीतली पुस्तिका काढली आणि पाचवं पान उघडलं.

सभा चांगली झाली. रुपचंद वकील धुळ्यातले भला माणूस म्हणून ओळखले जाणारे, मोठ्या आवाजाचे, त्यांनी स्वतः खुर्च्या लावल्या होत्या. तसबिरीतला डॉक्टर थॉर्नबी दाढीवाला, डोळे मिटायला आल्यासारखा. अभिमननं पाचव्या पानापर्यंत व्यवस्थित वाचलं. मग थांबला. मग म्हणाला की पुढचं वाक्य मी लिहिलं आहे आणि ते खरं नाही. एक मूल दगावलं. ती माझ्या आजोबांची बहीण होती, तिचं नाव भागा. पिशवीतून झेरॉक्स काढून त्यानं त्या ओळी मराठीत सांगितल्या. यशोदाबाई पहिल्या रांगेत डबा घेऊन बसल्या होत्या. आणि मग टाळ्या सुरू झाल्या. कोणीतरी आधी वाजवली, मग सगळ्यांनी. वकिलांचे डोळे भरले होते. असा निःस्पृहपणा, असा आपल्याच घरचं दुःख उघडं करून सत्य सांगणारा माणूस, ते म्हणत होते. दुसऱ्या आवृत्तीत हे सारं येईल, निंबाजवळ भागाच्या नावाचा दगड बसवू. त्यांनी अभिमनच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. शालीचा काठ त्याच्या डाव्या दंडाला टोचत होता. दुसऱ्याचं पाप सांगायला किती सोपं असतं, आणि त्याबद्दल शालसुद्धा मिळते. त्याला वाटलं, आताच बोलावं, आताच, माईक अजून चालू आहे. पण लोक उठले होते, चहा आला होता, आणि कोणीतरी त्याचा हात हातात घेऊन सांगत होतं की तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत.

दीडच्या गाडीनं ते शिंदखेड्याकडे निघाले आणि तीनच्या सुमाराला रोहिणखेड्याला उतरले. निंबाखाली बाया बसल्या होत्या, ताटांवर फडकी झाकलेली. भिकुबाई, त्याची चुलतबहीण, पुढे आली, म्हणाली, वाट पाही पाही दमनूत माय. यशोदाबाईंनी दगडावर पाणी ओतलं, डाव्या बाजूला. कोरं फडकं भिजवून, पिळून, दगडाच्या डाव्या अंगाला लावलं, ताप आलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसं, आणि हातानं दाबून धरलं थोडा वेळ. मग दहीभात ठेवला, भाकर ठेवली, दशमी ठेवली. अभिमन शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं डब्यात हात घालून आणखी एक दशमी काढली आणि पहिलीच्या शेजारी ठेवली.

“हाई कोनी?” मायनं विचारलं.

“शहनाजनी,” तो म्हणाला. पंधरा वर्षांत हे नाव त्यानं तोंडातून काढलं नव्हतं. काढल्यावर मागचं सगळं आलं, वखार, इसब, चार वाजताची जीप, नीटनेटकी सही. त्यानं ते दगडाकडे बघत सांगितलं, खालच्या आवाजात, मागच्या बायांना ऐकू न जाईल असं. सांगून झाल्यावर त्यानं डोकं टेकवायला मान वाकवली.

यशोदाबाईंनी त्याला वाकू दिलं नाही. त्यांनी ती दुसरी दशमी उचलली, पदरानं पुसली आणि परत डब्यात ठेवली.

“आठे नको सांगू,” त्या म्हणाल्या. “भागीनी माय मरी गयी, म्हनीसन आम्हीन दगडले सांगतस. हाई पोरनी माय जित्ती शे. ती तुले सकाळे भेटनी.”

तो म्हणाला, तिला वाटतं अल्लानं नेली. ती सुखी आहे त्यात. रोज दुवा देते, नमाजानंतर, माझ्यासाठी. मी सांगितलं तर तिला वाटेल, मीच मांडीवर धरून ठेवली होती. जनमभर तेच तिच्या डोळ्यांपुढे येईल.

“येई,” माय म्हणाली. “दुख तिनं शे. तू कसाले दपाडी ठेयेल शे?” आणि डब्याचं झाकण लावून तिनं तो डबा त्याच्या हातात दिला. “जाय. मी आज भिकुबाईकडे ऱ्हास.”

फाट्यावर तो अर्धा तास उभा होता. शाल त्यानं भिकुबाईकडे टाकली होती, मायला पांघरायला. डब्याच्या पत्र्याला उन्हाची धग लागत होती, म्हणून तो त्यानं छातीशी, सावलीच्या बाजूला धरला. सकीना हसत दार उघडेल, हारुनला हाक मारेल, खाट टाकेल, चहा ठेवायला सांगेल. ती चहा ठेवायला सांगायच्या आत बोलायला पाहिजे, एवढंच त्यानं पक्कं केलं. आत एकदा गेलं आणि चहा घेतला की पुन्हा पंधरा वर्षं जातील. उद्यापासून ती त्याच्यासाठी दुवा मागणार नाही. कदाचित ती डबा घेईल आणि दार लावेल. कदाचित डबाही घेणार नाही. हारुन उंच आहे, हातानं जड आहे, तो काय करील सांगता येत नाही, आणि ज्या दंडावर अभिमनच्या हातचा वण आहे तोच दंड त्याच्यावर उगारला गेला तर त्याला नाही कसं म्हणायचं. त्याला भीती वाटत होती. ती भीती खरी होती, आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला काहीतरी दिशा होती.

शिंदखेडा–जळगाव गाडी आली, अर्धी रिकामी. तो मधल्या बाकावर बसला, डबा मांडीवर घेतला. कंडक्टर तिकिटांची पेटी वाजवत आला आणि म्हणाला, कुठं काका?

“यावल.”

“ही जळगावपर्यंतच आहे.”

“मग जळगाव द्या,” अभिमन म्हणाला. “यावलची तिथून धरतो.”